कार्यशाळा, चर्चासत्र, परिषद: कोल्हापुरातल्या नव्या अर्थशास्त्र संशोधकांसाठी

अर्थशास्त्रात पीएच.डी.ची नोंदणी झाली, कोर्सवर्क सुरू झालं, की महिनाभरात मोबाईलवर माहितीपत्रकं यायला लागतात. एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र, दोन दिवसांची आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय परिषद, सात दिवसांची ऑनलाइन कार्यशाळा. प्रत्येकात शेवटची ओळ ठरलेली: सर्व सहभागींना प्रमाणपत्र दिले जाईल. यातलं काय निवडायचं, पेपर कुठे पाठवायचा, खर्च कसा भागवायचा, तिथे गेल्यावर नेमकं करायचं काय, हे मात्र त्या पत्रकात नसतं. गाईडना विचारावं तर पुष्कळदा उत्तर येतं, "पाठवून द्या की कुठंतरी." त्या 'कुठंतरी'चा पत्ता शोधायला हा लेख.

लिहिताना डोळ्यांसमोर आहे तो कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडचा संशोधक. एम.ए. मराठीतून झालेलं, एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणं चालू, आणि पुण्या-मुंबईच्या संस्थांची नावं आजवर फक्त संदर्भसूचीत वाचलेली.

कार्यक्रम निवडताना मी एकच गोष्ट पाहतो: मी मांडण्याआधी माझा पेपर तिथे कुणीतरी वाचून येणार आहे का? उत्तर 'हो' असेल तर लांब असलं तरी जायचं. 'नाही' असेल तर विद्यापीठाच्या आवारात असलं तरी दोनदा विचार करायचा.

आधी प्रकार ओळखा

चर्चासत्र, परिषद, कार्यशाळा हे शब्द आपल्याकडे एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. म्हणून नावावर जाऊ नका, कार्यक्रमपत्रिका मागवा.

एका दिवसाचं चर्चासत्र म्हणजे उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार, बीजभाषण, जेवण, पेपरवाचन, समारोप. हिशेब करून पाहा. सहा तासांच्या दिवसातला दीड तास उद्घाटनात गेला, एक तास जेवणात. उरलेल्या साडेतीन तासांत एकाच सभागृहात साठ पेपर असतील तर माणशी साडेतीन मिनिटं येतात. एवढ्यात शीर्षक आणि आभार होतात. अशा ठिकाणी बीजभाषण ऐकायला जा, वक्ता चांगला असेल तर जरूर जा. पेपर मात्र राखून ठेवा.

संघटनांच्या वार्षिक परिषदा वेगळ्या. इंडियन इकॉनॉमिक असोसिएशन १९१७ पासूनची, तर इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्स १९३९ पासूनची. श्रम अर्थशास्त्रवाल्यांची आणि अर्थमितीवाल्यांची संघटनाही स्वतंत्र आहे. इथे विषय आधी जाहीर होतात, पेपर त्या विषयांतलाच लागतो, आणि तुमच्याच प्रश्नावर काम करणारी देशभरची माणसं एका छताखाली भेटतात. गर्दी असते, पण ती आपल्या कामाची असते.

कार्यशाळेचे दोन अर्थ आहेत. पहिला आपल्या ओळखीचा: काहीतरी शिकवणारी, म्हणजे स्टाटा, आर ही आकडेवारीची सॉफ्टवेअर, नमुना सर्वेक्षणाची आकडेवारी हाताळणं वगैरे. दुसरा अर्थ आपल्या भागात फारसा रुळलेला नाही, आणि अर्थशास्त्रात तोच जास्त महत्त्वाचा आहे. मोजके पेपर निवडायचे, प्रत्येक पेपर आठवडाभर आधी सगळ्यांना पाठवायचा, त्यावर बोलायला एक भाष्यकार नेमायचा आणि पेपरमागे पाऊण तास चर्चा करायची. अशी एक कार्यशाळा प्रबंधाचं एखादं प्रकरण आख्खं बदलून टाकते.

याशिवाय संशोधन पद्धती अभ्यासक्रम असतात. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर, त्यासाठी विद्यापीठांना आणि संस्थांना अनुदान देते. साधारण दहा दिवस चालतात, जागा थोड्या असतात आणि अर्ज करून निवड होते. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या संशोधकासाठी याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. दहा दिवस वेगवेगळ्या राज्यांतल्या संशोधकांबरोबर राहिल्यावर आपला विषय इतरांना कसा दिसतो ते पहिल्यांदा कळतं.

हिवाळी शाळा हा सर्वांत अवघड प्रकार. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डिसेंबरच्या सुमारास भरते ती प्रसिद्ध. तिथली व्याख्यानं सिद्धान्त आणि अर्थमितीत बरीच पुढची असतात. गणिताची तयारी कच्ची असेल तर आधी वर्षभर ती करा, मग अर्ज करा.

नियमांबद्दल थोडं. यूजीसीच्या २०१६ च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रकाशित करणं आणि दोन पेपर परिषदांत वाचणं सक्तीचं होतं. २०२२ च्या नियमावलीतून ती सक्ती गेली. तुमच्या नोंदणीला कोणते नियम लागू आहेत हे विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात लेखी विचारून घ्या, मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका. सक्ती नसेल तर उत्तमच. घाईघाईत दोन प्रमाणपत्रं गोळा करायचं कारणच उरत नाही.

सुरुवात घराजवळून

शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. अर्थशास्त्र विभागातली व्याख्यानं आणि बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय या दोन गोष्टी तुमच्या हाताशी आहेत. विभागाच्या सूचनाफलकावर आठवड्यातून एकदा नजर टाकायची सवय लावा. सगळंच व्हॉट्सॲपवर येत नाही, आणि येतं तेव्हा 'उद्या सकाळी दहाला' असं येतं. शेजारी सायबर ही व्यवस्थापन शिक्षणाची संस्था आहे, राजाराम कॉलेज आहे. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात सहकार, शेती, पाणी, पूर यांवर जाहीर व्याख्यानं होतात. तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक कमी आणि कारखान्याचे माजी संचालक, शेतकरी संघटनेचे कार्यकर्ते, निवृत्त बँक अधिकारी जास्त दिसतात. धोरणावर काम करणाऱ्यानं ही गर्दी चुकवू नये. साखरेच्या हिशेबातली एखादी खाच त्यांच्या प्रश्नांतून जशी कळते तशी एकाही लेखात सापडत नाही.

पुढची पायरी मराठी अर्थशास्त्र परिषद. तिचं वार्षिक अधिवेशन दर वर्षी वेगळ्या गावी भरतं, पेपर मराठीत वाचता येतो आणि 'अर्थसंवाद' हे त्यांचं नियतकालिक आहे. काही जण याला दुय्यम समजतात. मला ते पटत नाही. स्वतःच्या भाषेत युक्तिवाद उभा राहत नसेल तर तो इंग्रजीत कसा राहणार? पहिला पेपर इथे वाचा. प्रश्न विचारणारे थेट विचारतात आणि तुम्हाला उत्तर देताना भाषेची आडकाठी नसते.

त्यानंतर पुणे. डेक्कन जिमखान्याजवळची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० सालची, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. तिथल्या काळे स्मृती व्याख्यानमालेत १९३९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर संघराज्याच्या प्रश्नावर बोलले होते. अशा संस्थांची जाहीर व्याख्यानं बहुधा विनाशुल्क असतात, आणि पुण्याला दुसऱ्या कामासाठी गेलेल्या माणसालाही ती जमवता येतात. मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेनं १९८७ मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, आणि कालिन्याला मुंबई विद्यापीठाच्या आवारात आयसीएसएसआरचं पश्चिम विभागीय केंद्र.

आता एक गोष्ट आपल्याकडे कुणी फारशी बोलत नाही. कोल्हापूरहून धारवाड पुण्यापेक्षा जवळ आहे. तिथे विकासाच्या प्रश्नांवर काम करणारं, आयसीएसएसआरच्या मदतीवर चालणारं बहुशाखीय संशोधन केंद्र आहे, कर्नाटक विद्यापीठ आहे, कृषी विद्यापीठ आहे. आणखी पुढे बेंगळुरूला सामाजिक आणि आर्थिक बदलांचा अभ्यास करणारी आयसेक ही मोठी संस्था, १९७२ ची. आपण सवयीनं उत्तरेला पुण्याकडे पाहतो. ऊस, दूध, यंत्रमाग, कृष्णेचं पाणी यांवर काम करणाऱ्याला दक्षिणेला निम्मी उत्तरं मिळतील.

वर्षाचं वेळापत्रक

मोठ्या परिषदा नोव्हेंबर ते जानेवारीत दाटतात. दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची वाढ आणि विकासावरची परिषद डिसेंबरातली, इंडियन इकॉनॉमिक असोसिएशनचं अधिवेशनही बहुधा डिसेंबरच्या अखेरीस. त्यांची पेपरसाठीची आवाहनं मात्र पावसाळ्यात निघतात. गणपतीच्या सुट्टीत गोषवारा तयार नसेल तर त्या वर्षीची गाडी चुकली असं समजा. जानेवारी ते मार्च या काळात महाविद्यालयांच्या चर्चासत्रांचा पूर येतो, कारण अनुदान ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचं असतं. त्यातही चांगले कार्यक्रम असतात, पण निवडून घ्यावे लागतात.

एक साधी वही किंवा एक्सेलचा तक्ता ठेवा: कार्यक्रमाचं नाव, गोषवाऱ्याची मुदत, पूर्ण पेपरची मुदत, शुल्क, राहण्याची सोय, संपर्क. वर्षाला दोन ठिकाणी पेपर आणि एक प्रशिक्षण एवढं पुरे. त्याहून जास्त केलं की प्रबंध मागे पडतो.

दुकानं कशी ओळखायची

दुकानं हा शब्द मी जाणून वापरतोय. काही खुणा सांगतो.

विषयांच्या यादीत अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र, योग, इंग्रजी साहित्य आणि यंत्र अभियांत्रिकी एकत्र असतील तर तुमचा पेपर वाचणारा तिथे कुणी नाही. नावात 'आंतरराष्ट्रीय' आहे आणि परदेशी पाहुणा फक्त ऑनलाइन पाच मिनिटं शुभेच्छा देणार आहे. गोषवारा पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी 'निवड झाली' असा मेल येतो आणि त्यात बँक खात्याचा क्रमांक असतो. सहलेखकामागे वेगळं शुल्क लागतं. गैरहजर राहूनही प्रमाणपत्र मिळतं. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे पेपर सादर केलात की 'नामांकित जर्नल'मध्ये छापून येण्याची हमी. कुठलंही खरं नियतकालिक पेपर वाचण्याआधी अशी हमी देत नाही.

पूर्वी निदान यूजीसीची केअर, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी बघून ताळा करता यायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं ती यादी बंद केली आणि नियतकालिक पारखण्याचे निकष तेवढे सुचवले. म्हणजे जबाबदारी आता तुमची आणि तुमच्या विद्यापीठाची. आजही काही पत्रकांवर 'केअर लिस्टेड' असं मोठ्या अक्षरात छापलेलं दिसतं. तेवढ्यावरून आयोजकांना खबर किती जुनी आहे ते समजतं.

नियतकालिकाचे गेल्या वर्षीचे दोन अंक उघडा, त्यातले दोन लेख वाचा. तुमच्या विषयातल्या कुणाही जाणत्या माणसानं तिथे लिहिलेलं नसेल तर पैसे खिशातच ठेवा.

गोषवारा: इथेच निवड होते

निवड समितीतला माणूस एका बैठकीत शेकडो गोषवारे चाळतो. पहिल्या दोन ओळींत प्रश्न दिसला नाही तर तो पुढच्याकडे वळतो. आपल्याकडच्या बऱ्याच गोषवाऱ्यांची सुरुवात अशी असते: "भारत हा कृषिप्रधान देश आहे. ऊस हे महत्त्वाचे नगदी पीक आहे. कोल्हापूर जिल्हा ऊस उत्पादनात अग्रेसर आहे. प्रस्तुत शोधनिबंधात ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्यांचा आढावा घेण्यात आला आहे." चार वाक्यं झाली, प्रश्न अजून आलेला नाही.

त्याच विषयातून प्रश्न काढून दाखवतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेली ऊसाची किमान किंमत, द्यायची असते, उशीर झाला तर वार्षिक पंधरा टक्के व्याज. २०२२ मध्ये राज्य सरकारनं एफआरपी दोन हप्त्यांत द्यायला परवानगी देणारा निर्णय काढला, आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. म्हणजे मधल्या काळात नियम बदलला होता. तो बदल महाराष्ट्रापुरता होता. कागल ओलांडून निपाणीला गेलं की ऊस तोच, जमीन बरीचशी तशीच, राज्य वेगळं. आता प्रश्न विचारा: पैसे हप्त्यांत मिळायला लागल्यावर आपल्याकडच्या शेतकऱ्याचं विकास सोसायटीचं कर्ज थकण्याचं प्रमाण सीमेपलीकडच्या शेतकऱ्याच्या तुलनेत बदललं का?

या एका वाक्यात प्रश्न आहे, तुलनेचा गट आहे आणि पद्धतीची चाहूल आहे. आता गोषवारा असा बांधायचा: पहिल्या वाक्यात प्रश्न, दुसऱ्यात तो महत्त्वाचा का, मग आकडेवारी कुठली आणि किती कुटुंबांची, मग पद्धत, मग निष्कर्ष. शेवटी आधीच्या संशोधनात तुम्ही काय भर घातली ते एका वाक्यात. निष्कर्षाच्या जागी 'निष्कर्ष मांडण्यात येतील' असं लिहू नका. काम अर्धं झालं असेल तर अर्धा निष्कर्ष लिहा, प्राथमिक आहे असं सांगा. अडीचशे ते तीनशे शब्द खूप झाले.

खाली बीजशब्द, आणि इंग्रजी पेपर असेल तर जेईएल संकेतांक. अर्थशास्त्रातलं हे जगभरचं वर्गीकरण आपल्याकडे कोर्सवर्कमध्ये शिकवत नाहीत, आणि तुमचा पेपर कुणाकडे वाचायला द्यायचा हे बऱ्याच ठिकाणी त्यावरूनच ठरतं. वरच्या पेपरला क्यू १३ म्हणजे शेतमाल बाजार आणि सहकारी संस्था, क्यू १४ म्हणजे शेती वित्त, हे दोन लागतील. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरावर काम असेल तर क्यू ५४. इचलकरंजीचे यंत्रमाग किंवा कोल्हापुरी चप्पल यांच्या उद्योगावर असेल तर एल ६७. शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना एल ६१.

आकडेवारीचा प्रश्न येणारच

कोल्हापूरवर पेपर वाचताना हमखास येणारा प्रश्न: जिल्ह्याचा हा आकडा कुठून काढला? नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाची २०१७-१८ पासूनची आणि कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणाची २०२२-२३, २०२३-२४ ची मूळ आकडेवारी सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येते. त्यात जिल्ह्याचा संकेतांक दिसतो, आणि नवखा संशोधक लगेच कोल्हापूरपुरत्या ओळी वेगळ्या काढून सरासरी काढतो. पण त्या सर्वेक्षणांचा नमुना एका जिल्ह्याचं चित्र देण्याइतका मोठा ठेवलेला नव्हता. नमुना सर्वेक्षणाच्या विभागणीत कोल्हापूर हे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर यांच्याबरोबर पश्चिम महाराष्ट्राच्या एका प्रदेशात येतं. त्या प्रदेशाचा अंदाज मांडा आणि मर्यादा स्वतःच सांगा. जिल्ह्याचंच हवं असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची जिल्हा पत्रकं आहेत, साखर आयुक्तालयाचे कारखानानिहाय एफआरपी अहवाल आहेत, नाहीतर स्वतः केलेलं सर्वेक्षण.

स्वतःच्या सर्वेक्षणात गाव कसं निवडलं, घर कसं निवडलं, हे एका परिच्छेदात लिहून ठेवा. 'सोयीस्कर नमुना पद्धती' एवढंच लिहून कोल्हापुरात चालून जातं. गोरेगावच्या संस्थेत चालत नाही.

आकडेवारी हाताळायची तयारी नसेल तर आर शिका, ते मोफत आहे. एसपीएसएसच्या कार्यशाळा आपल्याकडे अजून भरपूर होतात. वाईट काही नाही त्यात, पण अर्थशास्त्राच्या परिषदांत आता स्टाटा आणि आर यांचीच भाषा चालते. धोरणांचं मूल्यमापन कसं करतात हे शिकायला अमेरिकेतलं एमआयटी विद्यापीठ आणि जे-पाल हे गरिबीवरचं संशोधन केंद्र यांचा विकास धोरणावरचा ऑनलाइन अभ्यासक्रम चांगला आहे. नुसता ऐकायचा तर विनामूल्य, प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क उत्पन्नानुसार.

पैसे, रजा, प्रवास

नोंदणी शुल्क भरण्याआधी सवलत मागा. एक साधा मेल: मी पूर्णवेळ संशोधक आहे, अधिछात्रवृत्ती नाही, शुल्कात सूट मिळेल का. मागण्यात कमीपणा नाही. पुष्कळ आयोजक देतात, फक्त पत्रकात छापत नाहीत. आयसीएसएसआरच्या अभ्यासक्रमांत निवड झालेल्यांच्या राहण्या-जेवणाची सोय बहुधा असते, प्रवासखर्चाचे नियम त्या त्या पत्रकात पाहा. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती असेल तर आकस्मिक खर्चाच्या रकमेत परिषदेचं शुल्क आणि तिकीट बसतं का ते आधी लेखी विचारून घ्या. सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे, पुण्याला फोन लावत बसायची गरज नाही. मूळ तिकीट, शुल्काची पावती आणि उपस्थितीचं पत्र या तीन गोष्टी परत येईपर्यंत एका पाकिटात.

महाविद्यालयात शिकवत असाल तर कर्तव्य रजेचा अर्ज निवडपत्र आल्याच्या दिवशी द्या. तासिका तत्त्वावरच्या मंडळींना ती रजा नसते आणि बुडालेल्या तासांचे पैसेही जातात. हा अन्याय आहे, पण तूर्त तास बदलून घेण्याखेरीज इलाज नाही. म्हणून त्यांनी शनिवार-रविवारला जोडून येणारे कार्यक्रम आधी बघावेत.

मुंबईला महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रीत जाता येतं. गोरेगावच्या संस्थेसाठी दादरला उतरून पश्चिम रेल्वेची लोकल धरा. पुण्याला एसटी सोयीची, पण सकाळी दहाचं सत्र असेल तर आदल्या दिवशीच निघा. महामार्गावरच्या कामांचा भरवसा नाही.

पंधरा मिनिटं

साधारण पंधरा मिनिटं मिळतात. स्लाइड दहा. पहिल्या दोन मिनिटांत प्रश्न आणि उत्तर दोन्ही सांगून टाका, रहस्यकथेसारखं शेवटपर्यंत राखून ठेवू नका. आधीच्या संशोधनाचा आढावा एका स्लाइडवर. संगणकातून निघालेला तक्ता जसाच्या तसा चिकटवू नका. आठ ओळी आणि सहा रकाने मागच्या रांगेतून कुणालाही दिसत नाहीत. ज्या दोन आकड्यांवर तुमचा निष्कर्ष उभा आहे ते दोन मोठे करून दाखवा.

इंग्रजीची भीती खरी आहे. तिच्यावर मला ठाऊक असलेला उपाय म्हणजे पहिली चार वाक्यं आणि शेवटची दोन पाठ करणं, मधलं साध्या वाक्यांत बोलणं. वाचून दाखवू नका. वाचायला लागलं की वेग वाढतो आणि श्रोते मोबाईल काढतात. चांगल्या संस्थांतले ज्येष्ठ उच्चारांकडे लक्ष देत नाहीत, त्यांना पद्धतीतली खोट शोधायची असते. उच्चारावर हसणारे असतात ते बहुतेक आपल्याच वयाचे.

भाष्यकाराचं बोलणं लिहून घ्या. उत्तर द्यायची घाई नको. वर घेतलेल्या ऊसाच्या पेपरवर असे प्रश्न येतील: सभासद आणि बिगरसभासद शेतकरी वेगळे काढले का? सीमेपलीकडचा ऊस आपल्याकडच्या कारखान्यांना येतो, मग तुलनेचा गट शुद्ध कसा? २०२१ ला महापूर आला होता, त्याचा परिणाम कसा वेगळा केला? यातला एखादा प्रश्न तुमच्या डोक्यात आलाच नसेल तर "हे मी पाहिलेलं नाही, पाहीन" एवढं म्हणा आणि पुढे चला. गोलगोल उत्तर सभागृहाला लगेच कळतं.

प्रश्नाच्या नावाखाली भाषण करणारे एक गृहस्थ प्रत्येक परिषदेत असतात. त्यांना धन्यवाद द्या, वाद घालू नका. घड्याळ तुमचं चाललेलं असतं.

चहाची वेळ

कोल्हापूरकर कोल्हापूरकरांच्याच घोळक्यात जेवतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. एक जेवण तरी अनोळखी टेबलावर घ्या. ज्यांचा लेख तुम्ही प्रबंधात वापरला आहे ते समोर दिसले तर "सर, तुमचा लेख वाचला" एवढ्यावर थांबू नका. त्यातला एक ठोस मुद्दा काढा आणि त्यावर एक प्रश्न विचारा. फोटो नंतर. भेट झाली की आठवड्याच्या आत चार ओळींचा मेल: कुठे भेटलो, काय बोललो, त्यांनी सुचवलेलं काय वाचलं.

परत आल्यावर

मिळालेल्या सूचनांची तीन गटांत विभागणी करा: लगेच करण्यासारख्या, नवी आकडेवारी लागणाऱ्या, न पटलेल्या. न पटलेल्यांपुढे कारण लिहा, हीच टिपणं पुढे तोंडी परीक्षेत उपयोगी पडतात. सुधारलेला पेपर दोन महिन्यांत कुठेतरी पाठवा. शेतीवरचा असेल तर कृषी अर्थशास्त्र सोसायटीचं नियतकालिक आहे, तिच्या परिषदेतले निवडक पेपर त्यात छापतात. गोखले संस्थेचं 'अर्थ विज्ञान' आहे. धोरणाच्या अंगानं मांडणी असेल तर मुंबईचं ईपीडब्ल्यू हे साप्ताहिक. मराठीतून लिहिलेला 'अर्थसंवाद'ला. एका वेळी एकाच ठिकाणी, हे सांगायला नको.

धोरणवाल्यांची सभा वेगळी

सार्वजनिक धोरणाच्या कार्यक्रमात श्रोता बदलतो. पुण्यात सरकारी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी यशदा आहे, सहकारासाठी वैकुंठ मेहता संस्था आहे, ऊसासाठी मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. इथे समोर बसलेला अधिकारी तुमचं गुणोत्तर विचारत नाही. शासन निर्णयात कोणती ओळ बदलायची आणि त्याला पैसा किती लागेल, एवढंच त्याला ऐकायचं असतं. त्याच्यासाठी पेपरचं दोन पानांचं टिपण वेगळं करा, मराठीत. त्यात पद्धत दोन ओळींत संपवा, शिफारस पहिल्या परिच्छेदात आणा, आणि ती अमलात आणायचा अधिकार कुणाकडे आहे ते नेमकं लिहा: केंद्राकडे, राज्याकडे, साखर आयुक्तांकडे की जिल्हा बँकेकडे. एफआरपी केंद्र ठरवतं, तेव्हा ती वाढवा अशी शिफारस जिल्हाधिकाऱ्यांपुढे वाचण्यात अर्थ नसतो.

आणि कुठेच जमलं नाही तर

आपणच भरवा. सभागृह, शाल-श्रीफळ, स्मरणिका यातलं काही लागत नाही. पाच-सहा संशोधक, महिन्यातून एक शनिवार, विभागातली एखादी रिकामी वर्गखोली. एका वेळी एकाचा पेपर, आठ दिवस आधी सगळ्यांना मेल. लेखकानं दहा मिनिटं बोलायचं, मग भाष्यकारानं वीस मिनिटं, उरलेला वेळ सगळ्यांचा. भाष्यकार दर वेळी वेगळा, शक्यतो दुसऱ्या विषयातला. सांगली-साताऱ्याच्या मंडळींना ऑनलाइन घ्या. सहा महिन्यांत घडी बसली की धारवाडच्या किंवा पुण्याच्या एखाद्या प्राध्यापकाला वर्षातून एकदा बोलवा, त्यांचा प्रवासखर्च वर्गणीतून निघतो. नियम एकच ठेवा आणि तो मोडू देऊ नका: पेपर न वाचता येईल त्यानं सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायचे.